वाऱ्याच्या नावावर

रामहरी गवंड्याला कुणी घर बांधायला बोलावलं की जोत्याची आखणी करायच्या आधी तो मालकाला एकच गोष्ट विचारायचा, "पट्टा घालणार का?"

पट्टा म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या अंगाला, चारी भिंतींना धरून फिरणारी सिमेंट-सळईची सलग पट्टी. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव चढवतात, तशीच. धाव आहे तोवर आरे जागचे हलत नाहीत. पट्टा आहे तोवर चार भिंती एकमेकींचा हात सोडत नाहीत. रामहरी हे इतकंच सांगायचा. ऐकणारा मान डोलवायचा आणि मग विचारायचा, "त्याला किती दिवस जास्त लागत्यात?"

अंथुर्ण्यापासून कोस-दीड कोसावरचं त्याचं गाव. घरची दीड एकर जमीन भावाकडं, हा थापी घेऊन हिंडायचा. किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षी तो तेवीस वर्षांचा होता. तिकडं गावंच्या गावं नव्यानं बांधायची होती, गवंडी कमी पडत होते. गावातल्या दोघातिघांबरोबर रामहरी गेला. बाकीचे दोन महिन्यांत परतले, हा अडीच वर्षं राहिला. तिथं त्यानं दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती पाहिल्या. म्हणजे त्या भिंती जिथं होत्या ती जागा पाहिली. भिंत रुंद असली की घर दणकट, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. तिथं एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्या घराचा ढिगारा दाखवला आणि हात पसरून भिंतीची रुंदी सांगितली. सांगताना त्याचा आवाज अभिमानाचा होता. घरातली पाच माणसं त्याच भिंतीखाली गेली होती.

कामावर मोहनराव म्हणून एक इंजिनियर होते. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कमरेएवढी दोन घरं बांधून घेतली, एक पट्ट्याचं, एक बिनपट्ट्याचं. गाव गोळा केलं आणि ट्रॉली दगडधोंड्यांतून पळवली. बिनपट्ट्याचं घर पन्नास पावलांत ढासळलं. दुसरं तडकलं, पण उभं राहिलं. रामहरीनं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते कायमचं बसलं. मोहनराव त्याला म्हणाले होते, "तू परत गेल्यावर गावात सांग. तुझं ऐकतील. माझं भाषण वाटतं."

गावात परतल्यावर त्यानं सांगितलं. त्याचं लग्न झालं, छबूबाई घरात आली, विशाल झाला, सुप्रिया झाली आणि त्याचं सांगणं चालूच राहिलं. बागायतदारांना सांगावं लागत नव्हतं, त्यांची घरं पिलर-स्लॅबची. पण वस्तीवरचं दोन खोल्यांचं घर, जुन्या घरावर चढवलेली खोली, पत्र्याची शेड, इथं त्याचं कुणी मनावर घेत नव्हतं. "हितं कुठं भूकंप होतोय तात्या?" असं लोक विचारायचे. "भूकंप न्हाय, पर वारा हाय की," तो म्हणायचा. मे महिन्यातला वळवाचा वारा आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. दरसाल कुणाचा ना कुणाचा पत्रा शेजारच्या उसात जाऊन पडायचा. पत्रा उडू नये म्हणून लोक त्यावर दगड ठेवायचे आणि वारा आला की ते दगडच खाली यायचे.

पट्ट्याचं नाव काढणाऱ्या गवंड्याला हळूहळू कामं कमी मिळायला लागली. दुसरे मिस्त्री विचारत नसत आणि लवकर संपवून देत. कुणाला वाटे, रामहरी काम वाढवतो. कुणाला वाटे, त्याला भूकंपाचं भूत लागलंय. छबूबाई एकदा म्हणाली, "तुमी नुसतं बांधत जावा की. विचारता कशापायी?" त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते तिला पटण्यासारखं नव्हतं. न विचारता बांधलं की रात्री त्याला झोप लागत नसे.

सुप्रियाला कऱ्हाटीकडं दिली. माणसं चांगली होती. पोटासाठी भाजीपाला करणारी, घाम गाळणारी. सासरे गेणबा, सासू सारजाबाई, नवरा युवराज. घर मळ्यात, गेणबांच्या वडिलांनी बांधलेलं, खाली दगडमातीच्या रुंद भिंती. लग्नाला चार वर्षं झाल्यावर त्या घरावर एक खोली चढवायची ठरली. मार्गशीर्षात रामहरी आणि छबूबाई लेकीला भेटायला गेले तेव्हा खोली जवळजवळ उभी राहिली होती.

रामहरी अंगणात उभा राहून वर बघत राहिला. चार इंची वीट. दोन्ही टोकांना पत्र्याच्या उतारापर्यंत नेलेली तिकोनी भिंत, आठ-नऊ फूट उंच, कशालाच न बांधलेली. पत्र्याखालचे पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले, वर दोन विटा आणि थोडा सिमेंटचा माल. पट्टा कुठंच नव्हता.

"भिंत कशी काय वाटली पाव्हणं?" गेणबांनी विचारलं. त्यांना खरंच त्याचं मत हवं होतं, निदान आवाज तरी तसा होता.

"चढलीय चांगली," रामहरी म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पर पट्टा दिसत न्हाय."

"सर्जेराव मिस्त्रीला मी इचारलं. त्यो म्हणला, खालची भिंत दगडमातीची, वर वजन जेवढं कमी तेवढं चांगलं. पट्टा घातला तर भार व्हईल. खरं का खोटं?"

रामहरीनं परत वर बघितलं. सर्जेरावचं म्हणणं अर्धं खरं होतं. दगडमातीच्या भिंतीवर भार नको, हे बरोबर. पण मग तिच्यावर खोलीच नको होती. व्याह्याच्या दारात उभं राहून, त्यानं हौसेनं बांधलेल्या खोलीकडं बघत, ती पाडा असं लेकीच्या बापानं कसं म्हणायचं?

"खरं हाय," तो म्हणाला. "निदान पत्र्याचे पाइप तरी हुकानं आवळून घ्या. अन् विटांवर पाणी मारताय नव्हं दोन्ही येळा?"

"घिऊ की आवळून," गेणबा म्हणाले आणि त्याला जेवायला आत घेऊन गेले. सारजाबाईंनी आग्रह करून दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. सुप्रिया वाढताना बापाकडं बघत नव्हती.

परतताना बारामतीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना छबूबाई त्याला म्हणाली, "तुमी तितं गवंडी हून गेला व्हता का लेकीचा बाप हून?"

"दोन्ही एकच माणूस हाय," तो म्हणाला.

"मग एकाला घरी ठिवून येत जावा."

ती रागानं बोलली नव्हती. सुनेच्या माहेरचा माणूस सासरच्या घराला नावं ठेवतो म्हटल्यावर त्याचा ताप कुणाला होतो, हे तिला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून रामहरीच्या मनात नियमाचं आलं. आजवर तो एकेका माणसाला सांगत आला होता आणि एकेक माणूस त्याला एकेक कारण देत आला होता. पण गावाचा नियमच असला, की पट्ट्याशिवाय आणि पत्र्याच्या हुकांशिवाय घराची नोंद व्हायची नाही, तर कुणाला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही. मिस्त्री आपोआप घालील. व्याह्यापुढं तोंड उघडावं लागणार नाही, नियमच बोलेल. कऱ्हाटी दुसऱ्या तालुक्यात होती हे त्याला कळत होतं. पण आपल्या गावात झालं तर पंचायत समितीपर्यंत जाईल, तिथून पुढं जाईल, असं त्यानं मनाशी धरलं.

विशाल लोणी देवकरला एका कंपनीत कामाला होता. एकदा डबा द्यायच्या निमित्तानं रामहरी तिथं गेला होता आणि फाटकातून शेडकडं बघत बसला होता. खांबाच्या पायाला चार-चार बोल्ट, छपराच्या प्रत्येक कैचीला आडवी तिरपी बांधणी.

"हे तपासायला कोण येतं?" त्यानं विचारलं.

"येतो की माणूस," विशाल म्हणाला. "कागद असल्याबिगर शेड उभीच करता येत न्हाय. आत लाखाच्या मशिनी हायत्या."

पुढं अर्ज लिहायला बसले तेव्हा रामहरीनं त्यात हे वाक्य घालायला विशालला सांगितलं. कंपनीच्या शेडला जो नियम आहे तो माणसाच्या घराला लावावा, ही विनंती.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अर्ज द्यायचा होता. नुसत्या अर्जावर भागायचं नाही म्हणून त्यानं मोहनरावांची युक्ती काढली. गावातल्या दादासोकडून ट्रॅक्टर-ट्रॉली मागून आणली. तीत कमरेएवढी दोन घरं बांधली. एकाला पट्टा, एकाला नाही. आठ दिवस दोन्हींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. झेंडावंदन झाल्यावर गाव जमलं होतं. सरपंच विजयसिंह स्वतः खुर्ची सोडून उठून आले. दादासोनं ट्रॉली ओढ्यातल्या खडकाळ वाटेनं हाणली.

दोन्ही घरं उभी होती.

दादासोनं ट्रॅक्टर वळवला आणि परत आणला, या वेळी जोरात. ट्रॉली उडत होती, शाळेची पोरं मागं पळत होती. दोन्ही घरं उभी. रामहरी ट्रॉलीत चढला आणि त्यानं बिनपट्ट्याच्या घराचा कोपरा दाखवला. तिथं केसाएवढी चीर गेली होती. "हे बघा," तो म्हणाला, "हितनं सुरू होतं." लोक पुढं झाले, वाकले. चीर कुणाला दिसली, कुणाला दिसली नाही.

विजयसिंह चांगला माणूस होता. टिंगल करायचा त्यांचा हेतू नव्हता. तरी ते म्हणालेच, "तात्या, तुमची बिनपट्ट्याची भिंत बी पडंना. मग नियम कशाला करायचा?"

सगळे हसले. रामहरीही हसला, कारण दुसरं करण्यासारखं नव्हतं. ग्रामसेवकानं अर्ज घेतला, फाइलला लावला आणि सांगितलं, लहान घरांच्या भिंतीत काय घालायचं हे ठरवायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे का, ते विचारावं लागेल.

घरी आल्यावर छबूबाई म्हणाली, "एक घर मुद्दाम वाईट बांधायचं व्हतं. माल कमी घालायचा, पाणी मारायचं न्हाय."

"ठरवलं व्हतं तसं," रामहरी म्हणाला. "हातच वळंना."

मे महिन्यात, एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला वारा सुटला. रामहरीच्या गावात धुरळा उडाला, आंबे पडले, एवढंच. पाचला सुप्रियाचा फोन आला. ती रडत नव्हती. "तात्या, भिंत पडली," ती म्हणाली. "मामंजी खाली हायती." मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

विशालनं गाडी मिळवली. दिवे लागायच्या आत ते पोचले तेव्हा गेणबांना बारामतीला हलवलं होतं, आणि हलवण्यात अर्थ उरला नव्हता हे अंगणातल्या माणसांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. झालं होतं ते असं. अंगणात भिंतीच्या कडेला कांद्याची रास होती. वारा सुटताच गेणबा आणि सुप्रिया ताडपत्री टाकायला धावले. ताडपत्री हाताला राहीना म्हणून गेणबा तिला म्हणाले, "दोरी आण जा." ती उंबऱ्यात पोचली तोवर वरचा पत्रा पाइपांसकट उचलला गेला आणि मोकळी झालेली तिकोनी भिंत बाहेरच्या अंगाला कलली. सासरे ताडपत्रीचं टोक धरून वाकले होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

बाया आत सारजाबाईंपाशी होत्या. रामहरीला आत जावंसं वाटेना. तो पडलेल्या भिंतीपाशी गेला. तिचा ढीग झालाच नव्हता, सतरंजी अंथरावी तशा विटा ओळीनं पडल्या होत्या. त्यानं एक वीट उचलली. विटेला मालानं धरलं नव्हतं, अंगठ्यानं चोळल्यावर रेतीसारखा सुटला. त्यावर पाणी पडलंच नव्हतं. वर बघितलं तर उरलेल्या भिंतीवर पाइप टेकवलेल्या जागा तशाच होत्या, दोन-दोन विटा, हुकाचं नाव नाही. शिकलेला माणूस वर्तमानपत्र वाचतो तसं त्याला सगळं वाचता येत होतं. आणि वाचून दाखवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाल्यावर तलाठी मॅडम पंचनाम्याला आल्या. बाई समंजस होत्या, आधी सारजाबाईंपाशी बसून आल्या. मग अंगणात खुर्चीवर बसून लिहायला लागल्या. किती पत्रे, किती लांबीची भिंत, किती कांदा. लिहिता लिहिता स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "कारण, वादळी वारा."

रामहरी जवळच उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "त्यात आणखी एक लिवायला पायजे."

"काय?"

तो बोलणार तेवढ्यात सुप्रियानं त्याला हाक मारली. ती मागल्या दारी उभी होती. तो गेला तशी ती त्याला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेली.

"तात्या, काय बोलू नका."

"अगं, भिंत वाऱ्यानं पडली न्हाय. म्हंजी वाऱ्यानंच पडली, पर..."

"मला ठावं हाय. चढत व्हती तवाच ठावं व्हतं. मी तुमचीच लेक हाय न्हवं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या यांना एकदा म्हणलं व्हतं. हे म्हणले, बापाला काम मिळावं म्हून बोलती का? त्यापुढं मी काय म्हणू?"

रामहरीनं अंगणाकडं बघितलं. तलाठी मॅडम अजून लिहीत होत्या.

"आता कागदावर भिंत कच्ची व्हती असं आलं, तर सरकारची मदत अडंल. वाऱ्यानं माणूस गेला तर मिळतीया, मिस्त्रीच्या चुकीनं गेला तर कोण देतंय? अन् ते जाऊ द्या. आत्याबाईंला वाटंल, माणसाची राख निवली न्हाय तवर माझ्या बापानं त्यास्नी नावं ठिवली. मला हितंच ऱ्हायचं हाय, तात्या."

भिंत कच्ची म्हटल्यावर मदत खरंच अडते का, हे त्याला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. पण अडली तर काय, हे दोघांना माहीत होतं. तो परत अंगणात आला.

"काय लिहायचं होतं काका?" तलाठी मॅडमनी विचारलं.

"कांदा," तो म्हणाला. "कांदा भिजला, ते लिवा."

"लिहिलंय."

पंच म्हणून चौघांनी सह्या केल्या. एक सही कमी पडत होती म्हणून कुणीतरी रामहरीला म्हणालं, पण तो बाहेरगावचा, त्याची चालत नव्हती. त्या दिवसात त्याला तेवढंच एक बरं वाटलं.

दहाव्याला सर्जेराव मिस्त्रीही आला होता. तो एका बाजूला बसून राहिला. रामहरीनं ठरवलं होतं, गाठायचं आणि विचारायचं. पण जवळ गेल्यावर त्याला दिसलं, त्या माणसाचे डोळे सुजलेले होते. "तात्या," सर्जेराव खाली बघत म्हणाला, "लवकर संपीव म्हणले. मी संपिवलं. धा घरं अशीच बांधल्यात मी." मग म्हणाला, "ती धा बी अजून उभी हायती." त्यात समाधान होतं की भीती होती, हे रामहरीला ओळखता आलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज पुन्हा निघाला. ग्रामसेवकानं सांगितलं, वरून काही उत्तर आलेलं नाही, पण ठराव करून पाठवायला हरकत नाही. विजयसिंहांचं मन या वेळी वेगळं होतं. ते कऱ्हाटीला सावडायलाही जाऊन आले होते. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि रामहरीला पुढं बसवलं.

"तात्या, जानेवारीत आमी हसलो. चुकलंच," ते म्हणाले. "आता ठराव करू. पर वर पाठवायचा म्हंजी त्यात दाखला पायजे. पट्टा नसल्यानं, हूक नसल्यानं माणूस गेला, नाव, गाव, तारीख. तसा एक दाखला असला ना, तर मी सोता हे घिऊन साहेबापुढं उभा ऱ्हातो. मग न्हाय कोण म्हणतंय बघू." ते थोडं पुढं झुकले. "तुमच्या पाव्हण्यांचंच द्या की."

ग्रामसेवक पेन उघडून बसला होता. छबूबाई बायकांत बसली होती, तिनं मान खाली घातली. तीस वर्षांत पहिल्यांदाच गाव रामहरीच्या तोंडाकडं बघत होतं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं द्यायला दाखला होता. वीट कुठल्या बाजूला पडली, माल कसा सुटला, पाइप कुठं टेकवला होता, सगळं तो सांगू शकला असता. सांगितलेलं कागदावर येणार. कागद तालुक्याला जाणार. आणि कऱ्हाटीच्या त्या घरातली मदतीची फाइल अजून पुरी झालेली नव्हती.

"त्यांचं वाऱ्यानं झालं," रामहरी म्हणाला. "पंचनाम्यात तसंच हाय."

विजयसिंहांनी विचारलं, "दुसरं कुणाचं?"

"न्हाय माझ्याकडं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग पुढचा इषय घ्या." ग्रामसेवकानं वहीत लिहिलं, विषयावर चर्चा झाली. पुढचा विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीचा होता. त्यावर बरीच बोलाचाली झाली.

कार्तिकात युवराज आला. उन्हानं आणि दुःखानं काळवंडला होता. ओसरीवर बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "मामा, खोली परत उभी करायची हाय. तुमीच बांधा. तुमाला पायजे तशी."

रामहरीला जे गेणबांपुढं बोलता आलं नव्हतं ते त्यानं आता बोलून टाकलं. वर काहीच बांधू नका. खालची भिंत मातीत रचलेली आहे, तिच्यावर काहीही चढवलं तरी ते अधांतरीच. खाली बाजूला नवी खोली काढा, पायापासून. युवराजनं मान हलवली. "खालची जागा सामाईक हाय मामा. चुलते सही देत न्हायती. आठ वर्सं झाली. वर बांधलं तरच आमची. न्हायतर आमी तिघं एका खोलीत."

म्हणून रामहरीनं वर बांधलं. माणूस लावला नाही, विशालला सुट्टीच्या दिवशी घेऊन स्वतः बांधलं. हलक्या पोकळ विटा आणल्या, भिंत ठेंगणी ठेवली, तिकोनी भाग केलाच नाही. चारी भिंतींवर सळई आवळून पट्टा भरला. प्रत्येक पाइप हुकानं पट्ट्याला जखडला. पत्र्यावर एक दगड ठेवू दिला नाही. एकवीस दिवस पाणी मारलं. आयुष्यात त्यानं इतकं नेटकं काम केलं नसेल. आणि करताना त्याला रोज ठाऊक होतं, की हे सगळं जिच्यावर उभं आहे त्या दगडमातीच्या भिंतीला ह्यातलं काहीही धरून ठेवत नाही. खालच्या भिंतीत जिथं जिथं फट दिसली तिथं त्यानं सिमेंट भरलं. त्याचा उपयोग किती, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

पट्ट्याची सळई बांधत होता त्या दिवशी सारजाबाई जिना चढून वर आल्या. गेणबा गेल्यापासून त्या वर आल्या नव्हत्या. कठड्याच्या विटांवर बसून त्या त्याचं काम बघत राहिल्या. चौकटीत आडव्या पडलेल्या सळया, त्यांना गुंडाळलेल्या कड्या, कोपऱ्यात वाकवून एकमेकींत अडकवलेली टोकं.

"हाच का त्यो पट्टा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी एका सळईवरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "ह्यो आधीच घातला असता, तर भिंत ऱ्हायली असती का?"

रामहरीच्या हातात बांधणीची तार होती. सुप्रिया खालून घमेलं घेऊन जिन्यात येऊन थांबली होती. तिनं ऐकलं होतं. ती पुढची पायरी चढली नाही.

"वारा लई व्हता, विहीणबाई," रामहरी म्हणाला.

सारजाबाईंनी मान हलवली. "तसंच म्हणत्यात समदी," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सुप्रियानं घमेलं खाली ठेवून त्यांना हात दिला. दोघी सावकाश जिना उतरल्या. रामहरीनं तार पिळली, तोडली आणि पुढच्या कडीला हात घातला.

आता यंदाचा मे निम्मा सरलाय. गावात नवी चार घरं उठली, एकालाही पट्टा नाही. विजयसिंह भेटले की विचारतात, "तात्या, अर्ज पुन्हा सभेपुढं घ्यायचा का?" रामहरी म्हणतो, बघू. मोबाइलवर वादळाचा इशारा येतो, तो विशाल त्याला वाचून दाखवतो. इशारा आला नाही तरी पश्चिमेला आभाळ काळं झालं की तो कऱ्हाटीला फोन लावतो. सुप्रिया उचलते. तो एवढंच म्हणतो, "वर जाऊ नका. अंगणात बी थांबू नका. समदी रस्त्याच्या पल्याड जावा, लिंबाखाली न्हाय, उघड्यावर रानात बसा, येळ जाऊस्तवर."

"बरं," ती म्हणते.

मग सारजाबाईंचा हात धरून ती रानात जाते का, की घरातच बसते, हे तो विचारत नाही. वारा पडेपर्यंत फोन हातात धरून ओसरीवर बसतो. छबूबाई आतून हाक मारते, चहा निवतोय म्हणते. तो हो म्हणतो आणि उठत नाही.